घंटेबाहेरचे तास

2025 च्या पावसानं मराठवाड्याची पाठ सोडली नाही. ऑगस्टच्या मध्यात मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव ही गावं वेढली. माणसं गेली, दावणीची जनावरं गेली. सप्टेंबर सरता सरता मांजरा आणि तेरणा पुन्हा पात्राबाहेर आल्या आणि काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. पंचनामे झाले, काही व्हायचे राहिले, मदतीचे आकडे जाहीर झाले. त्या दिवसांत मुसळधार पावसामुळं शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्याही जाहीर झाल्या, आणि त्या द्यायलाच हव्या होत्या. पण त्या सुट्ट्यांनी झालेलं एक नुकसान कुठल्याच पंचनाम्यात आलं नाही. ज्या प्राध्यापकाला तासाच्या हिशेबानं पैसे मिळतात, त्याच्यासाठी ती सुट्टी नसते, कपात असते. तास झाला नाही की पैसे नाहीत. नदी पुलावर आली हे कारण बिलात बसत नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. त्याचं उत्तर सोपं आहे. दिवाळीची सुट्टी ही या मंडळींची दुसरी मोठी कपात. ज्या महिन्यात घरात तेल, मैदा, लेकरांचे कपडे आणायचे, त्याच महिन्यात त्यांच्या तासिका सगळ्यात कमी भरतात. देवणी, वलांडी, उदगीर, निलंगा, देगलूर या पट्ट्यात असं एक तरी घर नसलेली गल्ली शोधावी लागेल. नेट झालेली, सेट झालेली, काहींची पीएच.डी. झालेली ही माणसं. लोक त्यांना 'सर' म्हणतात. सोयरिकीची बोलणी निघाली की मात्र 'मुलगा सीएचबीवर आहे' एवढंच सांगून विषय संपवतात.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुदानित महाविद्यालयात एखादी पूर्णवेळ जागा रिकामी झाली, भरली गेली नाही, तरी वर्ग चालवावेच लागतात. मग त्या कामावर घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, सहसा दोघांना घेतात. प्रत्येकाला आठवड्याला जास्तीत जास्त 9 तासिका. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. उन्हाळ्यात संपते, जून-जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. पदवीच्या एका तासिकेला 2018 च्या शासन निर्णयानं 500 रुपये ठरवले होते. 2021 मध्ये ते 625 झाले आणि मार्च 2023 मध्ये 900. पदव्युत्तर वर्गांना 1,000. याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी 2019 मध्येच देशभरासाठी अतिथी प्राध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे 2019 च्या आकड्याशीसुद्धा आपली गाठ पडलेली नाही.

तरीही 900 हा आकडा ऐकून अनेकांच्या भुवया वर जातात. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईला जेवढी मजुरी मिळते, तिच्या कितीतरी पट पैसे एका तासाला! मंत्रालयातला एखादा हुशार अधिकारी तर आणखी पक्का हिशेब मांडेल. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. त्यानं आठवड्याला 16 तास शिकवायचं, म्हणजे महिन्याला 64. भागाकार करा: तासाला 901 रुपये आणि काही पैसे. सीएचबीला 900. मग अन्याय कुठं आहे? रुपया-दीड रुपयाचा तर फरक!

हा भागाकार आम्ही मुद्दाम इथं मांडला, कारण सगळी गोम त्यातच आहे. 57,700 रुपयांत सरकार फक्त 64 तास विकत घेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच 2018 च्या नियमांत पूर्णवेळ प्राध्यापकाचा आठवडा 40 तासांचा धरला आहे, त्यातले 16 वर्गात. बाकीचे 24 तास तयारी, वाचन, विद्यार्थ्यांच्या शंका, चाचण्या, संशोधन, कार्यालयीन कामं. म्हणजे खुद्द आयोगानंच मान्य केलंय की वर्गातल्या एका तासामागं एकूण अडीच तासांचं काम असतं. तोच नियम सीएचबीच्या माणसाला लावला तर त्याचे 900 रुपये एका तासाचे नाहीत, अडीच तासांचे आहेत. तासाला 360 पडले. त्यात पूर्णवेळ माणसाच्या मूळ वेतनावर महागाई भत्ता आहे, घरभाडं आहे, रजा आहेत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्षाचे बारा महिने आहेत.

सीएचबीचं वर्ष किती मोठं? नियमातलं शिकवण्याचं वर्ष 30 आठवड्यांचं. एकही तास बुडाला नाही, पाऊस पडला नाही, निवडणूक आली नाही, कुणाची जयंती सोमवारी आली नाही असं धरून चाला. 30 गुणिले 9 गुणिले 900 म्हणजे 2 लाख 43 हजार. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 20,250. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात नेमणुकीचा कागद वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी हातात पडतो, त्यामुळं सुरुवातीचे तास गेलेच. मग बिल. महाविद्यालय ते करणार, ते नांदेडच्या सहसंचालक कार्यालयात जाणार, त्रुटी निघणार, परत येणार. 'बिल जेडी ऑफिसला आहे' हे वाक्य या मंडळींच्या किराणा दुकानदारालाही पाठ झालेलं असतं. महिन्याचे पैसे महिन्याला मिळाले, असं सांगणारा सीएचबीवाला भेटला तर आम्ही पुढच्या अंकात त्याची मुलाखत छापू.

आता दुसऱ्या बाजूनं पाहा. एका कायम प्राध्यापकाचं वर्षाचं नुसतं मूळ वेतन 6 लाख 92 हजार 400. महागाई भत्ता आता मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक आहे; तो धरला की आकडा दहा लाखांच्या पुढं जातो. त्याच रिकाम्या जागेवर दोन सीएचबी लावले तर खर्च जास्तीत जास्त 4 लाख 86 हजार. म्हणजे जागा रिकामी ठेवल्यानं निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. जागा भरायला उशीर का होतो, याची अनेक कारणं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो: बिंदुनामावली तपासायची आहे, वित्त विभागाची मंजुरी नाही, आकृतिबंध ठरायचा आहे, कोरोनामुळं भरती बंद आहे. 2018 मध्ये 3,580 जागा भरायला मान्यता मिळाली. 2021 मध्ये 2,088 जागांची. मान्यता मिळणं आणि माणूस हजेरीवहीत सही करणं यांत जाहिरात, मुलाखत आणि इतर जे काही घडतं, त्यात वर्षं जातात. 'इतर जे काही' म्हणजे काय ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. शेत विकून नोकरी घेणं हा शब्दप्रयोग नाही, व्यवहार आहे. आणि शेत नसेल तर सीएचबी.

आपल्याकडं सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. रक्कम ठरते, धान्य ठरतं, उचल मिळते, आणि मालकाकडं काम नसलेल्या दिवशीही त्याचं साल चालूच राहतं. पावसानं शेत वाहून गेलं म्हणून सालगड्याच्या पैशातून दिवस कापणाऱ्या मालकाला गावात कोणी बरं म्हणत नाही. सालगड्याच्या जिण्यात हेवा करण्यासारखं काही नाही, त्याची पिळवणूक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण निदान त्याला पूर्ण वर्ष मिळतं. पीएच.डी. झालेल्या माणसाला तेवढंही नाही.

घंटेबाहेरच्या कामाची यादी तर दरवर्षी लांबते. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी मिळवायला गावोगाव फिरायचं ते सीएचबीवाल्यांनी. नॅकची समिती येणार असली की रात्री दहापर्यंत फायली लावायच्या त्यांनीच. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, वार्षिक स्नेहसंमेलन, संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस, सगळीकडं हेच चेहरे. नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या जूनची मुलाखत त्याच टेबलावर असते. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यातून आलेले नवे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, शिकवायला कोण? ज्याचा कार्यभार भरत नाही तो. मराठीत एम. ए. केलेल्या माणसानं रातोरात आणखी दोन विषय शिकायचे. त्या शिकण्याचा तास कोणत्याही बिलात नाही.

कायम बाईंना बाळंतपणाची 180 दिवसांची पगारी रजा आहे. सीएचबीवरच्या बाई त्या वर्षी अर्जच करत नाहीत. त्यांच्या 'अनुभवा'त एक वर्ष कोरं राहतं.

अनुभवाचंही एक शास्त्र आहे. आयोगाच्या नियमात तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढं बढतीसाठी धरता येते, पण एक अट आहे: त्या काळात मिळालेलं एकूण वेतन नियमित नेमलेल्या प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. म्हणजे आधी कमी पैसे द्यायचे, आणि मग कमी पैसे घेतले म्हणून ती वर्षं मोजायची नाहीत. वयाच्या चाळिशीत कायम झालेला माणूस पंचविशीतल्या माणसाबरोबर पहिल्या पायरीवर उभा राहतो. हा नियम कुणी दुष्टपणे लिहिला असेल असं आम्हाला वाटत नाही. लिहिताना देवणीच्या एखाद्या महाविद्यालयातला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढंच.

गोष्ट फक्त महाविद्यालयांची नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत जुलै 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर, वयाच्या सत्तरीपर्यंत, परत बोलावण्याचा निर्णय झाला, तोही डी.एड. झालेली हजारो पोरं भरतीची वाट पाहत असताना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी कामांसाठी माणसं पुरवायला नऊ एजन्सी नेमण्याचा निर्णय निघाला आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागं घेतला गेला. 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून सहा ते दहा हजार रुपयांवर प्रशिक्षणार्थी शाळांत आले. काही ठिकाणी तेच वर्ग सांभाळू लागले. शिक्षण सेवकांचं मानधन 2000 साली प्राथमिकला 3,000 होतं, ते 2023 मध्ये 16,000 झालं, पण त्यांना निदान तीन वर्षांनी कायम होण्याचा रस्ता आहे. अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर पावसात बसले होते, ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्यांचा प्रश्न निराळा, मुळं तीच.

सीमेपलीकडं काय चित्र आहे? मांजरा ओलांडली की भालकी, बीदर. आपल्या तालुक्यातली नाती तिकडं आहेत, त्यामुळं बातम्या पोहोचतात. कर्नाटक सरकारनं जानेवारी 2022 मध्ये सरकारी पदवी महाविद्यालयांतल्या अतिथी प्राध्यापकांचं मानधन 11-13 हजारांवरून पात्रता आणि अनुभवानुसार 26 ते 32 हजारांवर नेलं. काम आठवड्याला 15 तासांपर्यंत. तासाचा दर काढला तर तो आपल्यापेक्षा कमीच भरतो, हे कबूल करायला हवं. तेही समाधानी नाहीत, कायम करा म्हणून रस्त्यावर उतरतात. पण तिथला हिशेब महिन्याचा आहे. महिन्याचा आकडा असला की माणूस घरभाडं ठरवू शकतो, बँकेत जाऊ शकतो, आईचं ऑपरेशन कधी करायचं ते ठरवू शकतो. तासाच्या आकड्यावर यातलं काहीच ठरत नाही.

इंग्लंडात बदली शिक्षक एजन्सीमार्फत पुरवले जातात. तिथं ऑक्टोबर 2011 पासून नियम आहे की एकाच जागी 12 आठवडे काम झालं की एजन्सीच्या माणसाला, शाळेनं थेट नेमला असता तर जे मूळ वेतन मिळालं असतं, तेवढं द्यायचं. तिथंही सगळं आलबेल नाही. शाळा एजन्सीला जे मोजते आणि शिक्षकाच्या हाती जे पडतं त्यातल्या अंतरावरून तिथल्या संघटना भांडतात. पण कायद्यानं एक रेघ मारली आहे: बारा आठवडे. आपल्याकडं बारा वर्षं झाली तरी रेघ नाही.

रेघ मारायचा प्रयत्न आपल्या न्यायालयांनी केला आहे. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केलं. आणि 22 ऑगस्ट 2025 ला, मराठवाडा पाण्यात होता त्याच महिन्यात, न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती बागची यांच्या पीठानं गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकाल दिला. त्यांना महिना 30,000 मिळत होते. शेजारच्या खोलीत तेच शिकवणाऱ्या नियमित सहकाऱ्यांना लाखाच्या वर. न्यायालयानं किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितली, आणि फरकाची रक्कम आठ टक्के व्याजासह. कार्यक्रमांत गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणणारा श्लोक म्हणून भागत नाही, शिक्षकांना आपण कसं वागवतो त्यात ते दिसलं पाहिजे, अशा आशयाचं निकालपत्रात लिहिलं आहे. आपल्याकडच्या शिक्षकदिनाच्या सत्कारांत शाल, श्रीफळ आणि हाच श्लोक असतो. त्या वर्षीच्या शिक्षकदिनी निकालाला नेमके दोन आठवडे झाले होते.

गुजरातचे ते प्राध्यापक कंत्राटी होते, आपले तासिकेवरचे. शासन म्हणेल, हा निकाल तासिकेवरच्यांना जसाच्या तसा लागू होत नाही; त्यांचं काम पूर्णवेळ नाही. बरोबर आहे. पूर्णवेळ नाही, कारण 9 तासांवर ते होऊच दिलं जात नाही. पूर्ण कामाचे दोन तुकडे करायचे आणि मग प्रत्येक तुकडा अपुरा आहे म्हणून त्याला अर्धंही द्यायचं नाही, ही युक्ती कुठल्या तरी न्यायालयासमोर एकदा नीट मांडली जायला हवी. एका रिकाम्या जागेवर एकच माणूस 16 तासांवर घ्या, त्याला महिन्याचं ठरलेलं वेतन बाराही महिने द्या, आणि ते नियमित पगाराच्या सेवार्थ प्रणालीतून त्याच तारखेला जमा होऊ द्या. यात क्रांतिकारक काही नाही. दुसऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो खोटा नाही. आज दोघं अर्धपोटी आहेत, उद्या एक पूर्ण आणि एक उपाशी होईल. त्याचं उत्तर जागा भरण्यातच आहे.

आमचे काही कायम प्राध्यापक मित्र या लेखानं नाराज होतील. संघटनांनी आजवर बरंच मिळवलं. वेतन आयोग मिळवले, थकबाकी मिळवली. पण मागण्यांच्या निवेदनात सीएचबीचा मुद्दा अकराव्या-बाराव्या क्रमांकावर असतो, आणि वाटाघाटी पहिल्या पाच मुद्द्यांवरच आटोपतात. स्टाफरूममधल्या खुर्च्याही ठरलेल्या असतात, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आपण राहतो त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, ते स्थापन झालं. स्वामीजींना आपण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. त्याआधीचं त्यांचं आयुष्य विसरलं गेलं आहे. संन्यास घेण्यापूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर हे ना. म. जोशी यांच्यासोबत कामगार चळवळीत काम करत होते. त्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले, पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. म्हणजे मजुरीचा हिशेब आणि फळा-खडू, दोन्ही ज्यांच्या हातून गेलं असा माणूस. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे कुणी सांगत नाही. विद्यापीठाच्या एखाद्या अधिसभेत त्यांच्या या शिक्षकी दिवसांची आठवण काढून सीएचबीच्या बिलांचा ठराव मांडला गेला, तर ते जयंतीच्या हारापेक्षा बरं दिसेल.

आणि विद्यार्थी? लातूर शहरात नीट आणि जेईईच्या क्लासमधला नावाजलेला भौतिकशास्त्राचा शिक्षक काय कमावतो याच्या गोष्टी एसटीत ऐकायला मिळतात. त्याच जिल्ह्याच्या सीमेवरच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलीला तीन वर्षांत भौतिकशास्त्राचे तीन वेगळे शिक्षक दिसतात. पहिल्याला तिचं नाव पाठ होईपर्यंत त्याची नेमणूक संपते. पीएच.डी.चा मार्गदर्शक व्हायला नियमित प्राध्यापक लागतो, म्हणून तिला पुढं शिकायचं तर गाव सोडावंच लागतं. देवणी वळूच्या शुद्ध वंशासाठी आपण वानेरा, बालंक्या, शेवरा असे पोटप्रकार सांभाळतो, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दात मोजून भाव करतो. पोरीला तीन वर्षं एकच शिक्षक मिळावा, एवढा आग्रह मात्र कुठल्या पालकसभेत ऐकला नाही. त्या पालकसभा होतात का, तेही विचारायला हवं.

या अंकात तासिकेवर शिकवणाऱ्या चौघांचे लेख आहेत: एक अर्थशास्त्रावर, एक मांजरेच्या पुरावर, दोन त्यांच्या स्वतःच्या कामाच्या दिवसांवर. शेवटच्या दोन लेखांखाली नावं नाहीत. लेखकांनीच तशी अट घातली; जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे. अट आम्ही पाळली आहे. लेखांचं मानधन मात्र त्यांच्या खऱ्या नावानं, अंक छपाईला जाण्यापूर्वी, त्यांच्या खात्यावर जमा केलं आहे.